वरच्या वीस पट्ट्या

कानकाकांना संगीत आवडायचं नाही. ज्या माणसाची एकतीस वर्षं पियानो लावण्यात गेली, त्याच्याच तोंडून हे ऐकलं की लोक हसायचे. पण काकांचं म्हणणं अगदी सरळ होतं. "मी सकाळी मरमरून लावून ठेवतो आणि ही मंडळी दुपारपर्यंत त्याची पार वाट लावतात. मला कशाला आवडेल?"

कानकाका हे काही खरं नाव नव्हे. धंद्यातल्या लोकांनी पाडलेलं. पियानोत बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात आणि त्या तिन्ही एकजीव व्हाव्या लागतात. जरा फरक राहिला की आवाजात एक लहर उठते. किल्लीने पिना पिळत पिळत ती लहर घालवायची, लहर गेली की सूर लागला. एवढंच ते काम. पण ही लहर काका अशी पकडायचे की शेजारच्या खोलीत चहा पिता पिता सांगायचे, "मधली तार उतरलीय बघा." पुढे बाकीचे ट्यूनर काट्याच्या यंत्राकडे वळले. यंत्र समोर ठेवायचं, काटा मधोमध आला की झालं. काकांनी त्या यंत्राला कधी हात लावला नाही. कुणी ते बॅगेतून काढलं की काका चारचौघांत विचारायचे, "काय हो, कान घरी विसरलात वाटतं?" अशी किती माणसं त्यांनी दुखावली असतील, देव जाणे. स्वभावच तसा होता, त्याला काय करणार!

आता चौसष्टावं चालू होतं. गुडघे बोलायला लागले होते. घरोघरचे पियानो एकेक करून गेले आणि जे उरले त्यांच्यावर फोटो आणि कुंड्या आल्या. एक संगीतशाळा होती, ती बंद पडली. एका हॉटेलने पियानो काढून त्या जागी माशांची मोठी काचेची पेटी ठेवली. "मासे बरे," काका म्हणाले, "त्यांना लावावं लागत नाही." असं करता करता एकच जागा उरली. तिसऱ्या मजल्यावरचा एक रेकॉर्डिंग स्टुडिओ. लिफ्ट फक्त सामानासाठी. सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते दहा, काका बॅग घेऊन दर जिन्याला एकदा थांबत वर चढायचे.

या स्टुडिओतली गिऱ्हाइकं बहुतेक जाहिरातवाली. त्यांचं सगळं कॉम्प्युटरवरच व्हायचं. मोठ्या काळ्या पियानोला हात लावणारी एकच टोळी होती, जॅझवाल्यांची. पियानोवर एक चाळिशीच्या बाई, बास नावाच्या उभ्या, भल्याथोरल्या तंतुवाद्यावर एक उंच माणूस आणि एक टकलू ड्रमर. काकांनी त्यांना जिन्यात ओझरतं पाहिलेलं, त्यापलीकडे काही नाही. काम संपलं की साउंडवाली मुलगी वही घेऊन यायची. मुलगी म्हणजे पस्तिशीची, पण काकांना सगळ्या मुलीच. ती विचारायची, "काका, कसं आहे?" काका म्हणायचे, "चोख." ती तारखेपुढे 'चोख' लिहायची, काका सही ठोकायचे आणि वाजवणारे यायच्या आत निघायचे. लावणाऱ्याने वाजवणाऱ्यासाठी थांबायचं नाही, असा त्यांच्या गुरूचा दंडक होता. थांबलं की मन गुंततं, आणि मन गुंतलं की कान लबाडी करायला लागतो, असं तो म्हातारा म्हणायचा. काकांनी ते एकतीस वर्षं पाळलं. आपण लावलेल्या पियानोवर कुणी काही पूर्ण वाजवलेलं त्यांनी ऐकलंच नव्हतं.

बिघाड सुरू झाला तो घरात. घरात दोघंच, काका आणि त्यांची मुलगी. ती एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायची आणि तीन वाजता दमून घरी यायची. एकदा आली तर काका स्वयंपाकघरात पेपर वाचत बसलेले आणि शेजारी कपड्यांचं मशीन संपल्याची शिट्टी मारतंय.

"बाबा, केव्हाचं कोकलतंय ते! शेजारीच बसलाय ना तुम्ही?"

"कोकलू दे. मी विचारात होतो."

"कान तपासून घ्या एकदा."

"माझे?" काका उसळले. "माझे कान कोण तपासणार? जो तपासणार त्याचे कोण तपासतो?"

तोंड चालवणं सोपं होतं. पण काकांना ठाऊक होतं. सगळ्यात वरच्या, उजव्या टोकाच्या वीसेक पट्ट्या. दाबल्या की आवाज यायचा, सूर यायचा नाही. तिथली लहर त्यांना कधीपासून लागेनाशी झाली होती. मग ते काय करायचे? किल्लीला कुठे किती पीळ द्यायचा हे मनगटाला पाठ होतं. मनगटावर भरवसा टाकून ते वरचं उरकायचे आणि 'चोख' म्हणून सही करायचे. दर वेळी मनात धाकधूक. आज कुणी बोललं तर? हा स्टुडिओ गेला की सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती, आणि जो माणूस जन्मभर कानावर मिरवला त्याला कान गेल्यावर लोक काय म्हणून ओळखणार, हे त्यांना खरंच कळत नव्हतं. काट्याचं यंत्र विकत घ्यावं, तर ज्यांना ज्यांना टोमणे मारले ती सगळी तोंडं डोळ्यांपुढे यायची.

एका गुरुवारी त्यांना युक्ती सुचली. मनगट चुकत असेल तर ते रेकॉर्डिंगमध्ये सापडेलच की! घरी बसून, आवाज मोठा करून, शांतपणे ऐकायचं. चूक सापडली तर कुठे ते कळेल आणि गुपचूप सुधारता येईल. त्यांनी साउंडवालीला गाठलं.

"या जॅझवाल्यांची रेकॉर्डिंगं आहेत का गं तुझ्याकडे? सगळी दे."

ती जरा दचकली. "कशाला, काका?"

"ऐकायला. दुसरं काय करतात त्याचं?"

"तुम्ही? जॅझ?" ती हसली खरी, पण देताना दोनदा म्हणाली, "सगळीच हवीत का? सुरुवातीची देऊ का नुसती?" काकांनी सगळीच घेतली. तीन वर्षांतली अकरा.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी कामावर गेली की काका तिचे हेडफोन कानाला लावून टेबलाशी बसायला लागले. समोर वही, वहीत रकाने. रेकॉर्डिंग कितवं, मिनिट कुठलं, वरच्या पट्ट्या वाजल्या का, कशा वाजल्या. तपासनीस कसा बसेल तसे. पहिल्या दिवशी अकरा मिनिटांत त्यांनी हेडफोन काढून ठेवले. कुणाचा कुणाला पत्ता नाही! बाई एकीकडे, बासवाला भलतीकडे, आणि ड्रमर मध्येच हात आवरून गप्प. चांगलं अर्धं मिनिट गप्प! "अरे, दम लागला का तुला?" काका रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडले.

पण चूक शोधायची तर पुन्हा ऐकणं भाग होतं. पियानोचा आवाज वेगळा काढायचा तर बास कुठला आणि ड्रम कुठला हे आधी ओळखायला हवं होतं. कुठला सूर मुद्दाम वाकवलेला आणि कुठला आपल्या चुकीने वाकडा, हे कळायला त्या बाईंची खोड माहीत हवी होती. असं करता करता काका त्या तिघांच्या मागेच लागले. सोमवार-गुरुवारी साउंडवालीला खोदून खोदून विचारायला लागले, हा कोण, तो काय करतो. बासवाला शाळेत गणित शिकवायचा आणि आपला बास पाववाल्या मित्राच्या गाडीतून आणायचा, म्हणून त्या बासच्या खोळीला नेहमी पावाचा वास. ड्रमर दातांच्या कवळ्या बनवायचा. बाई दिवसभर पोरांच्या शिकवण्या घ्यायच्या, सात पोरं, त्यातली सहा आईबापांनी ढकललेली. तिघांचंही पोट दुसऱ्याच कशावर तरी चालायचं. आठवडाभर राबून, थकून, ही माणसं तिसरा मजला चढून येत आणि दोन तास हे असलं वाजवत. कोण ऐकायचं? साउंडवाली म्हणाली, "फार कुणी नाही, काका. थोडे लोक आहेत. पण ते सोडत नाहीत."

चौथं रेकॉर्डिंग बासवाल्याची आई गेल्यावर सहा दिवसांनी झालेलं. त्यात तो एकच सूर धरून बसतो, पुढे जातच नाही, आणि बाई घाई करत नाहीत. एखाद्याला बोलता येत नसलं की आपण समोर नुसतं बसून राहतो ना, तशा त्या थांबतात. काकांनी ते तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा वहीत काही लिहायचं राहिलं. आवडलं असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नसती, पण गुरुवारी जिन्यात बासवाला दिसल्यावर त्यांनी स्वतःहून त्याला वाट करून दिली आणि वर "सावकाश, सावकाश" असंही म्हणाले. तो बिचारा बघतच राहिला.

पहिल्या सहांत वरच्या पट्ट्या भरपूर होत्या. सूर लागत नसला तरी आवाज कळत होता. बाई धावत वर जायच्या, तिथे रेंगाळायच्या, सहाव्यात तर खाली उतरायलाच तयार नव्हत्या. काकांनी रकाने भरले. सातव्यात काही सापडलं नाही. आठव्यात वर काहीच नाही. नववं, दहावं, अकरावं, वर काहीच नाही! म्हणजे आता आवाजही गेला की काय? त्यांनी हेडफोन उलटसुलट करून पाहिले, आवाज इतका वाढवला की कान दुखले.

तेवढ्यात मुलगी आली. तिने चपला काढायच्या आत काकांनी हेडफोन तिच्या हातात कोंबले.

"हे लाव कानाला. वर काही ऐकू येतं का सांग. अगदी वर, बारीक."

"बाबा, आत्ता येतेय मी. पाणी तरी पिऊ द्या."

"पी. पण ऐक."

ती ऐकत बसली. काका समोर निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे. शेवटची चारही तिने पुढे-मागे करून ऐकली आणि म्हणाली, "नाही हो. वर काही नाहीच."

"नीट ऐकलंस?"

"नीट ऐकलं. ती बाई वर जातच नाहीये."

"हुश्श!" काका खुर्चीत मागे रेलले. म्हणजे कान होता तेवढा शाबूत होता. आणि वर कुणी जातच नाही म्हटल्यावर चूक नोंदली जायचा प्रश्नच मिटला. देवच पावला! त्या आनंदात त्यांनी मशीनमधले कपडे स्वतः वाळत घातले, जे त्यांनी वर्षभरात केलं नव्हतं.

परत आले तर मुलगी अजून ऐकतच होती, आता आपल्या हौसेने. "बाबा, सहाव्यात केवढी वर जाते ही! काय गोड वाजवते!" मग तिने सातवं लावलं. आणि एकदम तोंड वेडंवाकडं केलं. "ई गं! हे काय? दात शिवशिवले माझे."

"कुठे?"

"हे काय, चार मिनिटं बारा सेकंद. वर गेली आणि... केवढं बेसूर! ऐका की."

काकांनी हेडफोन घेतले. चार मिनिटं बारा सेकंद. पुन्हा. पुन्हा. त्यांना बासच्या गडगडाटामागे काहीही वावगं लागलं नाही. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिने कान तपासायचा विषय काढला नाही, आणि त्यावरूनच काकांना कळलं की तिला कळलंय.

वही उघडीच होती. काकांनी रकाने वरून खाली वाचले. सहा रेकॉर्डिंगांत भरपूर. सातव्यात एकदा, बेसूर. त्यानंतर चारांत शून्य. दीड वर्ष शून्य. आणि मग त्यांच्या डोक्यात ते हळूहळू उतरलं. चूक सापडली नव्हती, कारण बाईंनी तिकडे जाणंच सोडून दिलं होतं. काकांचा हात जिथवर चोख, तिथवरच त्या वाजवत होत्या. आणि अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

पुढच्या गुरुवारी काकांनी एकतीस वर्षांचा दंडक मोडला. सही केली आणि बॅग मांडीवर घेऊन पियानोपाशीच बसून राहिले. साउंडवालीने "निघायचं नाही का?" विचारलं तर म्हणाले, "नाही." साडेदहाला बाई आल्या, एकट्याच. काकांना पाहून दारातच थबकल्या.

"बाई, एक विचारायचंय. तुम्ही वर का जात नाही?"

वर म्हणजे कुठे, असं काही त्यांनी विचारलं नाही. पर्स बाजूला ठेवली, खुर्ची ओढली आणि डावं मनगट चोळत बसल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. अकराही रेकॉर्डिंगं ऐकली."

"अकरा? आमची?" त्यांना खरंच विश्वास बसेना. "सगळी?"

"काही दोनदा. ते राहू द्या. मी काय विचारतोय?"

"सातव्याच्या वेळी गेले होते वर. तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. स्टुडिओचा मालक काचेपलीकडे उभा होता, त्याने विचारलं, हे काय वाजलं? मी म्हटलं, माझं बोट घसरलं."

"तुमचं बोट!"

"मग काय सांगणार होते? खरं सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी तुम्हाला नारळ दिला असता."

"आणि ही पोरगी? ही दर वेळी चोख लिहिते ती?"

"तिला आमच्याआधी माहीत होतं."

"म्हणजे सगळ्यांना माहीत."

"मालक सोडून सगळ्यांना."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दीड वर्ष ते छाती काढून 'चोख' म्हणत होते आणि ती पोरगी खाली मान घालून लिहीत होती! लाज इतकी वाटली की त्या लाजेचाच राग झाला. "मला कुणाची दया नकोय, बाई. मी मागितली नव्हती."

"दया?" आता बाईही चिडल्या. "कसली दया? हे बघा." त्यांनी डावा हात पुढे केला. मनगट सुजलेलं होतं. "चार वर्षं झाली हे असंच आहे. खालचं जड वाजवायला गेले की कळ येते. ते सगळं बासवाला उचलतो. आणि ड्रमर मध्येच थांबतो, ऐकलंत ना?"

"ऐकलं. अर्धं मिनिट. मला वाटलं काहीतरी मोठी कला असेल."

"डोंबलाची कला! गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं. पाय भरून आला की थांबतो. तो थांबला की आम्ही दोघं जसं जमेल तसं ओढतो. लोकांना ते आवडतं. आम्ही तिघं मिळून धड दोन माणसंसुद्धा नाही, काका. जो जिथे कमी पडतो तिथे दुसरा भरतो, एवढंच येतं आम्हाला. त्यात तुम्ही एक. मला त्याचं काही वाटलं नाही." मग एकदम त्यांचा आवाज उतरला. "आणि खरं सांगू? मी दमलेय हो. कुणाला घालवून द्यायचं, नव्या माणसाला सगळं समजावायचं... मला नको होतं ते."

काकांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली आणि म्हणाले, "पण तुम्हाला वर जायला आवडायचं. सहाव्यात तुम्ही तिथून हलत नाही."

"आवडायचं," त्या म्हणाल्या. "जाऊ द्या आता. सोमवारी मोठं रेकॉर्डिंग आहे, मालकही असणार आहे दिवसभर. नेहमीसारखं लावा, सही करा आणि जा. बाकी मी सांभाळते."

सांभाळते! यापेक्षा सोपं काय असणार होतं? सही करायची आणि जायचं. अजून दोन वर्षं, तीन वर्षं, गुडघे साथ देतील तोवर. कुणी बोलणार नव्हतं, सगळ्यांनी मिळून तशी सोयच करून ठेवली होती. शुक्रवारी काकांनी स्वतःला हेच समजावलं. शनिवारीही. रविवारी दुपारी त्यांनी सहावं पुन्हा लावलं आणि मुलीला म्हणाले, "ती वर गेली की बोट वर कर." मुलगी समोर बसली आणि बोट वर करत राहिली. किती वेळा! करून करून तिचा हात दुखला. शेवटी काकांनीच तिचा हात धरून खाली घेतला.

"बाबा, उद्या माझी सुट्टी आहे," ती म्हणाली. "मी येते बॅग उचलायला. तीन मजले आहेत."

एरवी काका खेकसले असते. या वेळी म्हणाले, "ये."

सोमवारी त्यांनी खालचं आणि मधलं लावलं, आयुष्यात लावलं नसेल इतकं मन लावून. वरच्या वीसांना हात लावला नाही. दहा वाजता साउंडवाली वही घेऊन आली. तिघंही लवकर आलेले, मालक हातात फोन घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"काका, कसं आहे?"

"खालचं चोख," काका म्हणाले. "वरच्या वीस पट्ट्या लागलेल्या नाहीत. मला त्या ऐकू येत नाहीत. दीड वर्ष झालं."

बाई पुढे होऊन काही बोलणार, तर काकांनी हाताने थांबवलं. "या बाईंचं बोट कधी घसरलं नव्हतं," ते मालकाला म्हणाले. "तो माझा बेसूर होता."

मालक आधी गोंधळला आणि मग भडकला. "अहो, पण आज? आज सांगताय हे? आता कुठून माणूस आणू मी?"

"मी आणतो," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःचा फोन काढला. नंबर होता एका काटेवाल्याचा. कान घरी विसरलात वाटतं, हे ज्याला त्यांनी एका लग्नघरात वीस माणसांसमोर ऐकवलं होतं, तोच. तिकडून फोन उचलला गेला. "मी बोलतोय. ओळखलंत ना आवाज? एक काम होतं. यंत्र घेऊन या. हो, हो, तेच यंत्र."

तो माणूस पाऊण तासात आला. त्याला परतफेड करायची उत्तम संधी होती, आणि काका ती सोसायला तयार होऊन भिंतीशी उभे होते. त्याने पियानोवर खालपासून बोट फिरवलं, मधे थांबला, पुन्हा फिरवलं आणि म्हणाला, "इथवर जे कुणी लावलंय, त्याला हात लावायची गरज नाही." मग काटा समोर ठेवून तो वरच्या वीसांकडे वळला. काकांनी मान फिरवली.

मुलीने बॅग उचलली, काका दाराकडे निघाले. तशी बाईंनी मागून हाक मारली. "काका, आज थांबा."

थांबले. काचेअलीकडे साउंडवालीशेजारी त्यांना खुर्ची दिली गेली, मुलगी मागे उभी राहिली. आपण लावलेल्या पियानोवर कुणी वाजवतंय हे ते पहिल्यांदाच समोर बसून बघत होते. बाईंनी घाई केली नाही. बराच वेळ खालीच राहिल्या, काकांच्या हद्दीत, आणि तिथला एकन्एक सूर काकांना लख्ख ऐकू आला. मग उजवा हात सरकायला लागला. सरकत सरकत पार टोकाला गेला आणि तिथेच राहिला. ड्रमरने हात आवरले. बासवाल्याने डोळे मिटले. दीड वर्ष खाली राहिलेल्या त्या बाई खांदे पुढे टाकून, मान वाकडी करून, ओठ चावत तिथे वाजवत होत्या. काकांपर्यंत त्यातलं फक्त लाकडाचं टकटक पोचत होतं.

त्यांनी मागे वळून पाहिलं. मुलगी डोळे पुसत होती.

"कसं वाजतंय गं?"

"फार सुंदर, बाबा. फारच सुंदर."

"असणारच," काका म्हणाले. "माझ्यापायी दीड वर्ष गिळून बसली होती बिचारी."

एवढं बोलले, आणि मग मात्र त्यांना आवरलं नाही.